पीएचडी करून काय दिवे लावणार?

२०२३ साल संपता संपता दोन घटना सव्वादोन महिन्यांच्या अंतराने घडल्या. दोन्हींच्या बातम्या आपण वाचल्या, पण त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. ४ ऑक्टोबर रोजी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मौंगी बावेंडी, लुईस ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह या तिघांना जाहीर झाले. ‘क्वांटम डॉट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा शोध आणि त्यांची निर्मिती हे त्यांचे काम. या कणांची गंमत अशी, की पदार्थ तोच ठेवून नुसता कणाचा आकार बदलला, तरी त्यातून निघणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. सर्वांत लहान कण निळा प्रकाश देतो, त्याहून मोठा हिरवा आणि आणखी मोठा तांबडा. ‘क्यूएलईडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दूरचित्रवाणी संचांत हेच कण असतात आणि काही एलईडी दिव्यांच्या प्रकाशाचा रंग साधायलाही तेच वापरले जातात.

दुसरी घटना डिसेंबरातली. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, विधान परिषदेत, ‘सारथी’ या शासकीय संस्थेकडून पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या अधिछात्रवृत्तीच्या जागांचा विषय निघाला. त्या वेळी तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएचडी करून ही मुले काय दिवे लावणार, अशा आशयाचा सवाल केला. त्यावर सभागृहात आणि बाहेर बराच गदारोळ झाला.

त्या गदारोळात मला पुन्हा शिरायचे नाही. प्रश्न त्राग्याने विचारला गेला म्हणून तो गैरलागू ठरत नाही. ज्याच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या आहेत त्याने पैशाचे पुढे काय होणार हे विचारलेच पाहिजे. मी स्वतः सारी नोकरी बँकेत काढली आणि समोर बसलेल्या प्रत्येक कर्जदाराला वेगवेगळ्या शब्दांत हाच प्रश्न विचारला. तेव्हा या सवालाला रागाचे उत्तर न देता हिशेबाचे उत्तर द्यावे, असे मनात आले. त्यासाठी मी एकच विषय घेतो, नॅनोपदार्थांचे संशोधन. आणि एकच गाव घेतो, बीड जिल्ह्यातले आष्टी. विषय असा निवडला की ज्यात दिवे लावणे हा वाक्प्रचार राहत नाही, ते शब्दशः कामच असते. आणि गाव असे, की जिथल्या घराघरांतून मुले पहिल्यांदाच प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पोहोचत आहेत.

कोणत्याच खात्यात न बसणारा विषय

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाडीचा असतो. एवढ्या सूक्ष्म पातळीवर पदार्थ आपला ओळखीचा स्वभाव सोडतो. सोन्याचे वीसेक नॅनोमीटरचे कण पाण्यात विखुरले तर ते पाणी पिवळे दिसत नाही, माणकासारखे लाल दिसते. रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९५९ च्या डिसेंबरात एका व्याख्यानात, अणू एकेक करून हवे तसे मांडता आले तर काय होईल, असा विचार मांडला होता. ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा शब्द १९७४ मध्ये नोरिओ तानिगुची या जपानी प्राध्यापकांनी वापरला. आपल्याकडे केंद्र सरकारने २००७ मध्ये ‘नॅनो मिशन’ सुरू केले आणि पाच वर्षांसाठी एक हजार कोटी रुपयांची तरतूद केली.

या विषयाची खरी अडचण त्याच्या सूक्ष्मतेत नाही. तो कोणत्याच एका खात्यात बसत नाही, ही अडचण आहे. नोबेलच्या तिघांचेच पाहा. एकिमोव्ह यांनी रंगीत काचेत अडकलेल्या कणांचा अभ्यास केला, तो भौतिकशास्त्राचा. ब्रूस यांना तोच चमत्कार द्रावणात तरंगणाऱ्या कॅडमियम सल्फाइडच्या कणांत दिसला, तो रसायनशास्त्राचा. बावेंडी यांनी असे कण हव्या त्या आकाराचे आणि एकसारखे बनवण्याची रीत १९९३ मध्ये बसवली, तेव्हा कुठे उद्योगांना त्यांचा उपयोग करता आला.

आपल्या घरचे उदाहरण याहून बोलके आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पदार्थ-रसायनाचे मुरली शास्त्री आणि जीवरसायनाचे अब्सार अहमद यांनी २००३ च्या सुमारास दाखवून दिले, की ‘फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम’ नावाची बुरशी चांदीच्या क्षाराच्या द्रावणात ठेवली तर ती चांदीचे नॅनोकण तयार करते. पुढच्याच वर्षी या मंडळींनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण मिळवले. फ्युझेरियम हे नाव शहरातल्या वाचकाला परके वाटेल. आष्टीच्या शेतकऱ्याला नाव ठाऊक नसेल, पण बुरशी चांगली ठाऊक आहे. हरभऱ्याचे उभे पीक ज्याने वाळून जाते तो मर रोग याच बुरशीच्या एका प्रकारामुळे होतो. शेतात जी शत्रू, तीच प्रयोगशाळेत कारागीर ठरली. हे सुचायला एक रसायनवाला आणि एक जीवशास्त्रवाला एका टेबलाशी बसावे लागले. आणि ज्याने मर लागलेले रान लहानपणापासून पाहिले आहे असा तिसरा कोणी त्या टेबलाशी असेल, तर तो आणखी कोणते प्रश्न विचारील, हे आपण अजून आजमावलेलेच नाही.

बीकर आणि यंत्र

नॅनो म्हटले की डोळ्यांसमोर कोट्यवधींची यंत्रे येतात. महाराष्ट्रात मात्र या विषयाची एक गरीब घरची परंपराही आहे, आणि तिचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रासायनिक पद्धतीने पातळ थर बसवण्याचे काम वर्षानुवर्षे केले. महागडी निर्वात यंत्रे नसतील तर काय करायचे, याचे ते उत्तर होते. काचेची पट्टी एका द्रावणात बुडवायची, पाण्यात खळबळायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा पाण्यात. असे पन्नास-शंभर वेळा. रंगारी कापडाला जसे पुट देतो तसाच प्रकार. बीकर, गरम पाणी, घड्याळ आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर कॅडमियम सल्फाइडसारख्या पदार्थांचे थर तयार होतात, आणि सौर घटापासून वायू ओळखणाऱ्या संवेदकापर्यंत त्यांचा अभ्यास करता येतो. ही पद्धत मराठवाड्यातही रुजली. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ या दोन्ही ठिकाणी अशा पदार्थांवर काम झाले आहे. खेड्यातून आलेल्या मुलांना या विषयाचे दार उघडले ते बहुधा याच बीकरने.

पण थर बसवला म्हणजे काम संपत नाही, तिथून ते सुरू होते. तो थर नेमका कशाचा आहे, त्यातले कण किती मोठे आहेत, स्फटिकांची मांडणी कशी आहे, हे पाहायला क्ष-किरणांचे यंत्र लागते, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. ही यंत्रे तालुक्याच्या महाविद्यालयात असू शकत नाहीत आणि असावीत असा हट्टही कोणी धरू नये. मुंबईच्या आयआयटीत आणि कोल्हापूरच्या विद्यापीठात बाहेरच्यांसाठी खुली असलेली विश्लेषण केंद्रे आहेत. नमुना पाठवायचा, नमुन्यामागे शुल्क भरायचे आणि पाळीची वाट पाहायची. केंद्र सरकारच्या एका उपक्रमात मुंबई आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळाही २००८ पासून बाहेरच्या संशोधकांना प्रशिक्षणासाठी व कामासाठी खुल्या झाल्या. म्हणजे सोयी आहेत. प्रश्न आहे तो तिथवर पोहोचण्याच्या खर्चाचा, ओळखीचा आणि धिटाईचा.

पुण्यातल्या मुलाचा नमुना बिघडला तर तो दुसऱ्या दिवशी नवा घेऊन जातो. आष्टीकडच्या मुलीचा नमुना पाळी येईपर्यंत हवेत राहून बदलला, तर तिचे तीन महिने जातात आणि शुल्कही जाते. दोघांनाही नियम सारखेच लागू असतात, पण एका चुकीची किंमत दोघांना सारखी पडत नाही.

आष्टीचे अंतर

आष्टी बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आहे. जिल्ह्याचे ठिकाण बीड, पण बाजार, दवाखाना आणि मोठे कॉलेज म्हटले की पावले अहिल्यानगरकडे वळतात. आम्ही अजून नगरच म्हणतो. नगर–बीड–परळी रेल्वेला नव्वदच्या दशकात मंजुरी मिळाली. नगरहून आष्टीपर्यंतच्या ६६ किलोमीटरवर प्रवासी गाडी धावली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी, आणि पुढे बीडपर्यंत ती पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मंजुरी आणि प्राप्ती यांच्यामध्ये किती काळ जाऊ शकतो हे आमच्या भागाला कोणी समजावून सांगायला नको.

पावसाने दगा दिला की या भागातली माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. दिला नाही तरी बरीच जातात. ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधी मुकादम उचल देतो आणि ती तोडणीतून फेडायची असते. दिवाळीच्या सुमारास गेलेले कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडावर परतते; म्हणजे शाळेचे वर्ष ज्या काळात भरात असते नेमका तोच काळ फडात जातो. या मुलांसाठी शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना मंजूर केली, ते योग्यच झाले. आजीजवळ किंवा वसतिगृहात राहून शिकलेली, दहावी-बारावी पार करून बी.एस्सी.ला आलेली मुले आता तालुक्याच्या महाविद्यालयांत दिसतात. त्यांतली थोडी एम.एस्सी.ला जातात आणि अगदी थोडी संशोधनाला. विज्ञानाच्या प्रयोगशाळांत ज्यांची संख्या नगण्य आहे असे आपण म्हणतो, ती ही मुले: दलित, भटकी, ओबीसी, आदिवासी, मुसलमान, कोरडवाहू मराठा कुणबी, आणि या प्रत्येकात मुलगी असली तर आणखी मागे.

अशा मुलांपुढे ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द अलीकडे फार येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तो प्राचार्यांच्या टेबलापासून शिपायाच्या स्टुलापर्यंत पोहोचवला. पण तालुक्याच्या महाविद्यालयात मुलांना जोडविषय तोच घेता येतो ज्याचा शिक्षक जागेवर आहे, आणि कितीतरी जागा वर्षानुवर्षे रिकाम्या किंवा तासिका तत्त्वावर भरलेल्या असतात. दुसरीकडे, एखाद्याने खरोखरच नॅनोविज्ञानाचे एकत्रित शिक्षण घेतले, तर त्याची गाठ ‘नेट’ परीक्षेशी पडते. विज्ञानासाठीच्या सीएसआयआर-नेट परीक्षेत रसायन, भौतिक, जीव, गणित आणि भूविज्ञान-सागरविज्ञान असे पाचच विषय आहेत. नॅनोविज्ञानाची प्रश्नपत्रिका नाही. म्हणजे शिकताना भिंती पाडा म्हणायचे आणि नोकरीच्या दारात विचारायचे, तू नेमका कोणत्या खोलीतला? सधन घरचा मुलगा या कोंडीतून परदेशाच्या वाटेने सुटतो. ज्याच्यामागे कर्ज आहे तो शहाणपणा करून जुन्या, एकेरी विषयाकडे परततो.

एक पासबुक

आता पैशाकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्याची गाठ तिथे आहे.

महाराष्ट्रात संशोधनासाठी अधिछात्रवृत्ती देणाऱ्या संस्थांची कमतरता नाही. अनुसूचित जातींसाठी ‘बार्टी’, मराठा-कुणबी समाजासाठी २०१८ मध्ये स्थापन झालेली ‘सारथी’, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी २०१९ मधली ‘महाज्योती’, आदिवासींसाठी पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. केंद्राच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आणि वरिष्ठ टप्प्यावर ४२ हजार झाली. कागदावर पाहिले तर या रकमेत एक तरुण माणूस पोट भरून, खोलीचे भाडे देऊन आणि चार नमुने तपासून संशोधन करू शकतो.

पण गेल्या काही वर्षांत या मुलांचा बराच काळ प्रयोगशाळेऐवजी मंडपात गेला आहे. बार्टीच्या २०२१ च्या तुकडीत पात्र ठरलेल्या ८६१ जणांना सरसकट अधिछात्रवृत्ती द्यायची की दोनशेच जणांना, यावरून २०२३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर दीर्घ आंदोलन झाले. त्याच वर्षाच्या शेवटी, २४ डिसेंबरला, या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी परीक्षा घेण्यात आली, तर २०१९ च्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका पुन्हा पुढे आल्याचा आक्षेप निघाला. जानेवारी २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा झाली आणि तीही वादात सापडून अनेकांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती नव्याने देणे बंद केल्याचे सांगितले, ते वेगळेच.

या बातम्यांमागे एखाद्या घरात काय होते, ते मी एका पासबुकावरून सांगतो. आमच्या तालुक्यातली एक मुलगी, आईबाप ऊसतोडीला जाणारे, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन पातळ थरांवर संशोधन करू लागली. एका संस्थेची अधिछात्रवृत्ती तिला मंजूर झाली. संस्थेचे नाव इथे महत्त्वाचे नाही. मी निवृत्त झालेलो, तरी गावात बँकेचे म्हटले की माणसे माझ्याकडे येतात. ती मंजुरीपत्र घेऊन आली आणि म्हणाली, ‘काका, या पत्रावर बँक कर्ज देईल का?’

प्रश्न अगदी रास्त होता. सरकारचे पत्र आहे, रक्कम लिहिलेली आहे, वर्षे लिहिलेली आहेत. याहून चांगले तारण कोणते? पण त्या पत्रात पैसे कोणत्या तारखेला मिळतील हे लिहिलेले नव्हते, आणि ज्या येण्याला तारीख नाही त्यावर कोणतीही बँक कर्ज देत नाही. मी तिला तसे सांगितले.

पुढे वर्षाने तिचे पासबुक पाहण्यात आले. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला पासबुक कादंबरीसारखे वाचता येते. अकरा महिने जमेच्या रकान्यात जवळजवळ काही नाही. मग एका दिवशी मोठी रक्कम एकदम जमा. आणि त्याच आठवड्यात खाली नावे पडलेल्या नोंदींची रांग: मैत्रिणीचे, खानावळीचे, आईच्या बचत गटाचे. संशोधनासाठी म्हणून आलेला पैसा चार दिवसांत देणी फेडून संपला होता. मी तिला विचारले, हे अकरा महिने भागवलेस कसे? ती म्हणाली, ‘त्या वर्षी आई-आबांनी मुकादमाकडून उचल जास्त घेतली.’

वाचकांनी या वाक्यावर जरा थांबावे. शासनाने मंजूर केलेली रक्कम वेळेवर आली नाही, तेव्हा ती दरी कोणी भरून काढली? ऊसाच्या फडात पहाटे चारला उठणाऱ्या तिच्या आईने. सरकारचा उशीर एका मजूर बाईने आपल्या अंगावर घेतला, आणि त्याचे व्याज श्रमाने फेडले.

पीककर्जाचे गणित खेड्यातल्या पोरालाही कळते. पेरणीआधी पैसा आला तर ते पीककर्ज. तीच रक्कम सुगी झाल्यावर आली, तर तिला काय म्हणायचे? ज्याच्या घरात बियाणे-खताला आधीच पैसा होता त्याची फक्त भरपाई झाली. ज्याच्या घरात नव्हता त्याचे रान पडीकच राहिले. अधिछात्रवृत्तीचेही तसेच आहे. उशिरा आलेली अधिछात्रवृत्ती ही आधीच केलेल्या खर्चाची परतफेड असते, आणि परतफेडीची योजना ज्याला आधी खर्च करणे परवडते त्याच्याच कामी येते. जी योजना मागे राहिलेल्यांसाठी काढली, ती अशा रीतीने त्यांच्यातल्या त्यातल्या त्यात सुस्थितीतल्यांची होऊन बसते. सावकार आणि मुकादम यांची ताकद कुठे असते? त्यांचा दर कमी नसतो. ते ठरल्या दिवशी पैसे देतात, म्हणून गरीब त्यांच्याकडे जातो.

हे काही आजचेच दुखणे नाही. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, ती दरमहा साडेअकरा पौंड अशी होती. त्या दरमहा पैशावर कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण झाले. पुढे लंडनला अभ्यास सुरू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना काम अर्धवट टाकून परतावे लागले. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांवर ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध मान्य झाला. एवढ्या विलक्षण बुद्धीच्या माणसालाही पैशाच्या खंडाने तीन वर्षे अडवून ठेवले. आज ज्या संस्था या मुलांना पैसे देतात त्यांची नावे आंबेडकर, शाहू आणि फुले यांचीच आहेत. त्या नावांना निदान तारखेची शिस्त शोभली असती.

टीकाकारांचे म्हणणे

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. पीएचडीचे पेव फुटले आहे, प्रबंध एकमेकांवरून उतरवले जातात, पैसे भरून शोधनिबंध छापणारी नियतकालिके बोकाळली आहेत, आणि कित्येकांना नोकरी मिळेपर्यंतचा आसरा म्हणून अधिछात्रवृत्ती हवी असते, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. बीकरच्या पद्धतीचाही गैरवापर होतो. तोच थर, तेच द्रावण, नुसते तापमान बदलून नवा निबंध, असे प्रकार मी ऐकतो.

पण यावर उपाय काय? थकबाकी वाढली म्हणून बँक कर्ज देणे बंद करीत नाही, ती कर्जाआधीची तपासणी आणि नंतरची देखरेख सुधारते. ज्या मुलाला मोजणीचे यंत्र मिळत नाही, दुसऱ्या विषयाचा मार्गदर्शक मिळत नाही आणि वर्षभर पैसाही मिळत नाही, त्याच्याकडून अस्सल संशोधनाची अपेक्षा कशी करायची? तो तापमान बदलून निबंध लिहील, नाहीतर काम सोडून देईल. सुमार संशोधन हा बऱ्याच अंशी सुमार व्यवस्थेचा माल आहे.

अमेरिकेने हा प्रश्न एका वेगळ्या बाजूने हाताळला होता. तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९९८ पासून विद्यापीठांना असे अनुदान द्यायला सुरुवात केली, की ज्यातून भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि अभियांत्रिकीचे संशोधक विद्यार्थी एकाच प्रश्नाभोवती एकत्र शिकतील. विद्यावेतन प्रशिक्षणाचे असे. ते एकाच प्राध्यापकाच्या प्रकल्पाला बांधलेले नसे. कृष्णवर्णीय, लॅटिन आणि मूळनिवासी विद्यार्थ्यांना पदवीतून पीएचडीकडे नेणारे स्वतंत्र पूलही बांधले गेले. २०२५ मध्ये तिथले राजकीय वारे फिरले आणि विविधतेच्या नावाने चाललेली अनेक अनुदाने मध्येच थांबवली गेली. अनुकरण करायचे तर त्यांच्या आधीच्या वर्षांचे करावे, शेवटच्या वर्षाचे नको.

काय करता येईल

मी शास्त्रज्ञ नाही. तरीही हिशेबाच्या बाजूने तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात, आणि त्यांतल्या एकीलाही नवी इमारत लागत नाही.

पहिली गोष्ट किसान क्रेडिट कार्डासारखी. १९९८ मध्ये ही योजना आली तेव्हा बँकेतल्या आम्हा लोकांना तिचे मोल लगेच कळले. आज तिची मर्यादा एकदा मंजूर झाली की पाच वर्षे चालते. वर्षातून एकदा आढावा होतो, पण दर हंगामाला नवी फाइल उघडावी लागत नाही. पीएचडीही साधारण पाच वर्षांचीच असते. पैसे तिमाहीच्या सुरुवातीला आगाऊ द्यावेत, अहवाल मागाहून तपासावा आणि काम नसेल तर पुढचा हप्ता रोखावा. आज उलटे चालते. मार्गदर्शकाची सही, केंद्राची सही, विद्यापीठाची सही, मग संस्थेची छाननी, मग निधीची वाट. आणि तोवर विद्यार्थी उपाशी.

दुसरी, प्रत्येक अधिछात्रवृत्तीसोबत यंत्रवेळेची शिदोरी असावी. वर्षाला ठरावीक नमुने मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरच्या केंद्रात विनाशुल्क तपासून मिळावेत, आणि नमुना नुसता टपालाने न जाता त्यासोबत विद्यार्थीही जावा. दोन आठवडे त्या यंत्राशेजारी बसलेली मुलगी परत येईल ती आकडे घेऊन आणि ते वाचायचे कसे हे शिकून.

तिसरी, मार्गदर्शक दोन असावेत आणि दोन विषयांचे असावेत. आणि निदान एक प्रश्न विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातून आणावा.

या शेवटच्या मुद्द्यासाठी दूर जायला नको. आष्टीच्या कृषी सेवा केंद्रात नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली मिळते. इफ्को या सहकारी संस्थेने ती २०२१ मध्ये बाजारात आणली. गोणीभर युरियाचे काम ही बाटली करते असा दावा झाला. पंजाब कृषी विद्यापीठातल्या संशोधकांना मात्र भात आणि गव्हावरच्या प्रयोगांत उत्पादन घटलेले आढळले. इफ्कोने ते निष्कर्ष मान्य केले नाहीत. असे वाद विज्ञानात होतातच. पण आमच्या हलक्या, कोरडवाहू जमिनीत, ज्वारी-हरभऱ्यावर ही बाटली काय करते, हे कोणी पाहायचे? त्याला कण मोजणारा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी लागेल, पानातले नत्र तपासणारा रसायनाचा लागेल, पीक समजणारा कृषीचा लागेल आणि आकड्यांची शहानिशा करणारा संख्याशास्त्राचा लागेल. मराठवाड्यातल्या काही गावांच्या विहिरींत फ्लोराइड जास्त आहे, ते गाळणाऱ्या पदार्थांचा प्रश्नही असाच चौघांचा आहे. नॅनो आमच्या तालुक्यात आलेच आहे. ते बाटलीतून विकत घेणारे आहेत. ते तपासणारे मात्र अजून तयार व्हायचे आहेत.

तेव्हा काय दिवे लावणार, या प्रश्नाचे माझे उत्तर असे: लावतील, आणि काहींनी लावलेही आहेत, पण त्यांच्याकडून हिशेब मागणाऱ्याने आपलाही हिशेब मांडावा. पुढच्या अधिवेशनात या विषयावर चर्चा होईल तेव्हा किती जणांना अधिछात्रवृत्ती दिली हा आकडा मंत्रिमहोदय सांगतीलच. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना असावा आणि त्यात ती कोणत्या तारखेला दिली, हे लिहिलेले असावे.